खोबऱ्याशी भांडण नाही

खरं बोलून माणसं दुखावण्यात माझ्या वडिलांच्या डेपोतल्या दोस्ताचा हात धरणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात सापडायचा नाही. बाबा एसटीत ड्रायव्हर होते आणि हे गृहस्थ त्याच डेपोत गाड्यांची वायरिंग पाहायचे. दोघं एकाच वर्षी रिटायर झाले. बाबांनी अंगणात खाट टाकली आणि यांनी आपल्या घरामागे पत्र्याची शेड टाकून लोकांच्या गाड्या बघायला सुरुवात केली. आम्ही त्यांना डेपोवाले काका म्हणतो. शेडवर पाटी नाही, बसायला बाकडं नाही, आणि आलेल्या माणसाची भीडभाड तर मुळीच नाही. मोंढ्यातला एक बडा हळदीचा व्यापारी एकदा नवीकोरी गाडी घेऊन आला, गाडी पेट्रोल फार पिते म्हणून. काका त्याच्या शेजारी बसून नरसीच्या रस्त्यानं एक चक्कर मारून आले, शेडसमोर उतरले आणि पाच-सहा माणसं ऐकत असताना म्हणाले, "गाडी बराबर हाय. तुमी क्लचवर पाय ठिवून बसता. तो पाय घरी ठिवून या, गाडी पेट्रोल पिणार न्हाई." व्यापारी तणतणत निघून गेला. महिन्याभरानं तो परत आला तेव्हा त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता आणि तोंडावर अजूनही राग होता. काकांनी पेढा खाल्ला आणि टायरमधली हवा कमी आहे हे ऐकवलं.

लग्नातली गोष्ट तर अजून लोक सांगतात. नवरदेवाची गाडी फुलांनी मढवलेली, वरात निघायच्या बेतात, आणि गाडीचा हॉर्न जो वाजायला लागला तो थांबेचना. बॅण्डवाले गप्प झाले. काका वऱ्हाडात होतेच. त्यांनी बॉनेट उघडलं, झेंडूच्या माळेत हात घातला आणि फुलं टोचायला वापरलेली तार हॉर्नच्या वायरीतून उपसून काढली. इथपर्यंत सगळं छान होतं. पण मग त्यांनी ती तार वर धरून सगळ्या वरातीला विचारलं, "हे कोणी टोचलं?" टोचणारे नवरदेवाचे मामा होते. त्यांना पुढं बोलावून, वायरीत काय असतं आणि तिच्यात तार का खुपसू नये हे काकांनी पाच मिनिटं समजावून सांगितलं. बिचारा नवरदेव मुंडावळ्या सावरत उन्हात ऐकत उभा होता. मामा आजही काकांशी बोलत नाहीत. काकांना त्याचं आश्चर्य वाटतं. "मी त्यायला शिवी दिली न्हाई, कारण सांगितलं," असं ते म्हणतात, आणि कारण सांगितल्यावर माणसाला राग का यावा हे त्यांना खरोखरच कळत नाही.

त्यांचा विश्वास एकाच गोष्टीवर, त्यांच्या मीटरवर. विजेचा दाब आणि करंट मोजायचं ते यंत्र. काकूंनी त्याला जुन्या खाकी पॅण्टच्या कापडाची पिशवी शिवून दिली आहे आणि ती पिशवी खांद्याला लावल्याशिवाय काका उंबरा ओलांडत नाहीत. दुकानात बॅटरीचे सेल घेताना ते प्रत्येक सेलला मीटर लावून पाहतात. दुकानदार वैतागतो, पण उरलेल्या सेलांत चांगले कोणते हे त्यालाही फुकटात कळतं, म्हणून गप्प बसतो. शेजारच्या बारशाला गेले तर पाळण्याआधी यजमानांचा नवा इन्व्हर्टर तपासला आणि बाळाची आत्या नाव ठेवत असताना "बॅटरीत पाणी कमी हाय" असं जाहीर केलं. मीटर खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, हे त्यांचं तत्त्वज्ञान. पौर्णिमेला पांढरा सदरा घालून ते विहारात जातात, शांत बसून येतात. बाकी नवस, अंगारा, लिंबू-मिरची यांच्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही.

गाडी आली की पहिल्या दिवशी ते तिला हात लावत नाहीत. मालकाला समोर उभं करून जबानी घेतात. दुखणं कधी सुरू झालं, सकाळी होतं की दुपारी, त्याआधी गाडीला काय झालं होतं, कोणी काय उघडलं होतं. सगळं एका वहीत लिहून घेतात. निरपराध पार्ट काढायचा नाही ही त्यांची शपथ. दुसऱ्या मिस्त्रींनी अंदाजानं बदलून टाकून दिलेले सेन्सर, कॉइली, रिले ते भंगारातून उचलून आणतात, मीटर लावून तपासतात आणि शेडमधल्या फळीवर ओळीनं ठेवतात. प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली: 'चांगला हाय'. फळीपुढं उभे राहून ते हळहळतात. आम्हाला ते हसू यायचं. पुढं त्याच फळीवर आमच्या गाडीचे दोन पार्ट जाऊन बसले तेव्हा हसू कमी झालं.

आणि नारळ. नारळावरून काकांचं आणि माझ्या आईचं भांडण माझ्या जन्माआधीपासून चालू आहे. खंडेनवमीला डेपोत हत्यारांची आणि गाड्यांची पूजा व्हायची. लोक गाड्यांवर नारळ फोडायचे, कलशातलं पाणी शिंपडायचे, आणि काका सकाळपासून बॅटऱ्यांवर ताडपत्री टाकून पहारा द्यायचे. आई आम्हा मुलांना घेऊन बाबांच्या गाडीची पूजा करायला जायची. पत्र्यावर हळदकुंकू वाहिलं म्हणजे पूजा झाली असं तिला पटायचं नाही. "देव इंजिनात असतोय, पत्र्यावर न्हाई," म्हणून ती झाकण उघडायला लावायची, आणि काका मधे उभे राहायचे. "वहिनी, हळद वाहा, कुंकू वाहा, पाणी लांब ठिवा." "पाण्याबिगर कुठं पूजा असती व्हय, भाऊजी?" दरवर्षी हेच बोलणं. शेवटी आई पाणी चाकावर टाकायची, काका हुश्श करायचे आणि प्रसादाला सगळ्यांत आधी हात पुढं करायचे. "मानत न्हाई तर खाता काहून?" असं आईनं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "खोबऱ्याशी माझं भांडण न्हाई, पाण्याशी हाय."

एवढी ओळख पुरे. आता गाडीचं सांगतो. दीड वर्षापूर्वी बाबांच्या किडन्यांनी साथ सोडली. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, डायलिसिस. हिंगोलीतही सोय आहे, पण बाबांचं हृदयही अशक्त, म्हणून डॉक्टरांनी नांदेडलाच यायला सांगितलं, आणि एकही पाळी चुकवू नका असं बजावलं. आमच्याकडे दहा वर्षांची छोटी पेट्रोल गाडी आहे. तिची पुढची सीट पार आडवी होते, त्यामुळे परत येताना बाबांना पडून राहता येतं. भाड्याची गाडी एकदा करून पाहिली, तर बाबांच्या पायांत पेटके आले आणि वर त्या ड्रायव्हरला त्यांनी कळमनुरीपर्यंत गिअर कसा टाकावा ते शिकवलं. तेव्हापासून आमचीच गाडी. मी तहसील कचेरीत कारकून आहे, साहेबांना सांगून ते दोन दिवस मोकळे करून घेतले.

आई प्रत्येक खेपेला पूजा करायची. पहाटे आंघोळ करून, तांब्या आणि हळदकुंकवाची कुयरी घेऊन ती गाडीपाशी यायची आणि मला झाकण उघडायला लावायची. इंजिन तिला कळकट वाटायचं. बॅटरीशेजारी एक चंदेरी, खाचाखाचांचा, चौकोनी डबा आहे, तो तिला त्यातल्या त्यात देवासारखा वाटला. त्यावर ती हळदकुंकू वाहायची, तुळशीच्या पानानं पाणी शिंपडायची, अमावास्येला नारळाचं पाणी. हात जोडून काही तरी पुटपुटायची. काय ते मी कधी विचारलं नाही. माणूस जिवंत परत यावा याशिवाय दुसरं काय असणार? अकरा महिने, आठवड्यातून दोनदा, हे चालू होतं आणि मी झाकण धरून उभा असायचो. मला त्यात वावगं काही दिसलं नाही, उलट बरं वाटायचं.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी, नांदेडहून परत येताना, वारंगा फाटा ओलांडल्यावर गाडी चालता चालता बंद पडली. खोकली नाही, अडखळली नाही, नुसती विझली. दुपारचा एक वाजलेला, रस्त्याला सावली नाही आणि बाबा सीटवर पांढरेफटक पडलेले. डायलिसिस झाल्यावर त्यांच्या अंगात बोलायचंही त्राण राहत नाही. मी ओला टॉवेल त्यांच्या डोक्यावर धरून उभा राहिलो आणि पाऊण तासानं गाडी आपोआप सुरू झाली, जणू काही झालंच नाही. आयुष्यात एवढा मी कधी घाबरलो नव्हतो.

नेमके काका तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलेले. मी गाडी एका मिस्त्रीकडे नेली, त्यानं पेट्रोलचा पंप बदलला. पुढच्या मंगळवारी बाळापूरपाशी पुन्हा तेच. दुसऱ्यानं कॉइल बदलली. शुक्रवारी जातानाच बंद पडली, आणि एका ट्रकवाल्यानं बाबांना दवाखान्यात पोचवलं म्हणून पाळी चुकली नाही. जुना ड्रायव्हर ट्रकच्या केबिनमध्ये बसून गेला, त्याला ते आवडलं, पण माझी झोप उडाली. आई तर पार खचली. "माझंच काही तरी चुकून राहिलं पूजेत," म्हणाली आणि पुढच्या खेपेला तिनं तांब्याऐवजी कळशी आणली.

काका पुण्याहून उतरले ते पिशवी खांद्याला लावून सरळ आमच्या अंगणात आले. बाबांकडे एकदा बघितलं, "कसाय?" म्हणाले. बाबा म्हणाले, "मी बराय. गाडीकडं बघ." मग माझी जबानी सुरू झाली. सुरुवातीपासून, तारीखवार. गाडी गार असताना बंद पडते का? नाही. तापल्यावरच? हो. थांबल्यावर काय करता? झाकण उघडून ठेवतो. पंप कोणी बदलायला सांगितला, त्यानं मोजून पाहिलं होतं का? नाही. हे ऐकून त्यांनी डोळे मिटले. शेवटी विचारलं, "आत पाणी कुठून लागलं का? धुलाईबिलाई?" मी म्हणालो, "न्हाई काका, बाहेरूनच पुसतो." आणि देवाशपथ सांगतो, मी खोटं बोललो नाही. आईची पूजा म्हणजे पाणी हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पूजा ती पूजा.

दोन दिवस त्यांनी आमच्या अंगणात मुक्काम ठोकला. बॅटरी तपासली, अर्थिंगच्या वायरी तपासल्या, प्रत्येक सेन्सरला मीटर लावलं. स्कॅनर लावला तर तो दर वेळी वेगळाच गुन्हेगार दाखवायचा, कधी हवेचा सेन्सर, कधी पाण्याचा, कधी काहीच नाही. दुसरा मिस्त्री असता तर एकेक करत सगळं बदलत गेला असता. काका मात्र खूश झाले. "एवढे सगळे एकदम चोर नसतात," म्हणाले, "म्हणजे चहाडी करणारा खोटा हाय." सगळ्या सेन्सरांचं ऐकून घेऊन पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे ठरवणारा एकच डबा गाडीत असतो, ईसीएम म्हणतात त्याला. आईचा तो चंदेरी डबा तोच. अख्ख्या गाडीत गाडीचा कर्ताकरविता कोण हे आईनं एका नजरेत ओळखलं होतं, स्कॅनरला ते जमलं नव्हतं.

पण संशय म्हणजे पुरावा नाही. काकांनी माझ्या बायकोला हाक मारली, "सूनबाई, ते केस वाळवायचं मशीन द्या जरा." बिचारी न्हाऊन बसली होती, तिनं ओल्या केसांनी ते आणून दिलं. गार इंजिन सुरू करून काकांनी त्या डब्यावर गरम हवेचा झोत धरला. आम्ही सगळे भोवती उभे. बाबाही खाटेवर उठून बसले. पाच मिनिटांनी चेक लाइट लुकलुकला आणि इंजिन विझलं, अगदी वारंगा फाट्यावर विझलं होतं तसं. काकांनी डब्यावर बर्फाची पिशवी ठेवली. थोड्या वेळानं चावी फिरवली, इंजिन सुरू. पुन्हा गरम हवा, पुन्हा बंद. तीनदा केलं. मला रडू आलं, खरंच सांगतो. दुखण्याला नाव मिळालं की अर्धं ओझं उतरतं, हे मला बाबांच्या वेळी कळलं होतं, गाडीच्या वेळी पुन्हा कळलं.

मग त्यांनी बॅटरीची वायर काढली आणि डब्याचं कपलर, म्हणजे वायरींचा जोड, अलगद ओढून काढलं. आत बघितलं आणि कपलर माझ्याकडे वळवलं. मी वाकून बघितलं. पिनांवर हिरवा गंज चढला होता, जुनं रबर चिरलं होतं, आणि त्या चिरेतून आत एक पिवळी रेघ उतरली होती. नुसता मळ नव्हता तो. हळद होती.

तीस वर्षांचं भांडण त्या क्षणी काकांच्या हातात पडलं होतं, पुराव्यासकट. वरात थांबवून मामांना तार दाखवणारा हा माणूस आता काय करणार हे मला स्वच्छ दिसत होतं. आई चहाचे कप घेऊन पायरीवर उभी होती. "काय सापडलं का, भाऊजी?" तिनं विचारलं. काकांनी खिशातून आपला पांढरा रुमाल काढला. हात पुसायला ते कायम फडकं वापरतात, रुमाल खिशातून निघतो तो फक्त विहारात. त्या रुमालानं त्यांनी पिना पुसल्या, दोनदा, तीनदा, रुमालाची घडी केली आणि खिशात घातली. "उमर झाली त्याची, वहिनी," ते म्हणाले. "दहा वर्सं झाली. माणसाचं रबर ढिलं होतंय, ह्याचं न्हाई का होणार?" आई म्हणाली, "म्हणजे कोणाची चूक न्हाई?" काकांनी मीटर पिशवीत घातलं. "कोणाचीच न्हाई."

नवा डबा कंपनीकडून यायला बारा दिवस लागणार होते आणि मधे बाबांच्या तीन पाळ्या होत्या. काकांनी जुन्या डब्याच्या पिना घासून लख्ख केल्या, पण आतला रोग पिनांपुरता नव्हता, तापल्यावर तो बंद पडायचाच. तेव्हा त्यांनी त्याच्यावर प्लास्टिक गुंडाळलं, वर आमचा स्टीलचा जेवणाचा डबा बर्फ भरून ठेवला, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळून बांधला, आणि स्वतः मागच्या सीटवर बसले. त्या तीन खेपा मी जन्मात विसरणार नाही. रस्त्याला जागोजागी रसवंत्या. दर रसवंतीला काका गाडी थांबवायला लावायचे, पातेलं घेऊन उतरायचे आणि नुसता बर्फ मागायचे. रस नको म्हटल्यावर रसवाले नाराज व्हायचे. एकानं विचारलं, "पेशंट कोण हाय?" काका म्हणाले, "दोन हायत. एक सीटवर, एक बॉनेटखाली." बाबा त्या तीन खेपांत जेवढं हसले तेवढं आजारपणात कधी हसले नव्हते. गाडी एकदाही बंद पडली नाही.

त्या दिवसांत पहाटे काका आईच्या आधी हजर असायचे. आई तांब्या घेऊन बाहेर आली की हे बॉनेटपुढं आडवे. "वहिनी, बर्फ बांधून राहिलो, आज लांबूनच." खंडेनवमीचा पहारा पुन्हा सुरू झाला होता, फरक एवढाच की या वेळी त्यांनी पाण्याचं नाव काढलं नाही. आई निमूटपणे चाकावर पाणी टाकून आत जायची.

नवा डबा आला. तो नुसता बसवून चालत नाही, त्याची आणि चावीची ओळख करून द्यावी लागते, नाही तर गाडी मालकालाच चोर समजते. त्यासाठी नांदेडहून एक लॅपटॉपवाले गृहस्थ आले. काकांनी त्यांची तासभर जबानी घेतली आणि शेवटी "माणूस बराबर हाय" असा निकाल दिला. कपलरभोवती नवं रबर बसवलं, डबा थोडा उंच, आडोशाला घेतला. मंगळवारी आम्ही निघालो. वारंगा फाटा मागं गेला, अर्धापूर मागं गेलं. येताना भर दुपारी, त्याच बिनसावलीच्या जागी, बाबा सीटवर गाढ झोपले होते आणि इंजिन एका सुरात चाललं होतं. मी आरसा खाली करून डोळे पुसले.

त्याच संध्याकाळी काका वर्तमानपत्रात काही तरी गुंडाळून घेऊन आले. आईपुढं ठेवलं. जुना डबा, घासूनपुसून चकचकीत. "वहिनी, यानं वर्सभर तुमच्या मालकाला नेलं आणलं. आता ह्याला घरात ठिवा. जी काय पूजा करायची ती ह्याची करा. नव्याला ठिवा कोरडा." आईनं विचारलं, "तुमी कदीपासून मानायला लागले, भाऊजी?" काकांच्या कपाळावर घाम आला. एवढे अवघडलेले ते कधी दिसले नव्हते. "मी न्हाई मानत," ते म्हणाले, "पण डब्याला सवय लागली ना."

आईनं तो डबा देवघरात, खालच्या पायरीवर ठेवला. मी काकांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. म्हटलं, "काका, खरं का न्हाई सांगितलं तिला?" ते पिशवीचा पट्टा सारखा करत राहिले. मग म्हणाले, "कारण सांगितल्यावर माणूस सुधरतंय, म्हणून सांगायचं असतंय. ती माउली नवऱ्यासाठी पाणी घालत होती. तिला सांगितलं तर ती ह्या जन्मात परत हात जोडणार न्हाई. मीटरनं मला सांगितलं, मी तुला सांगितलं. बास झालं." आणि दोन पावलं जाऊन परत फिरले. "आन तू. पाणी लागलं का म्हणून विचारलं होतं मी. झाकण कोण धरत होतं?" हे मात्र त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, आणि मला खरोखर बरं वाटलं.

हे एवढं गुपित मी सांभाळून होतो. परवा माझ्या मामानं कुरुंद्याहून हळदीचं पोतं पाठवलं. आईचं माहेर तिथलं, तिच्या भावाची हळदीची शेती. पोतं आत ठेवताना आई चिमूटभर हळद तळहातावर चोळून बघत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊजी त्या दिवशी इथंच जेवले. हात धुताना रुमाल बी खळबळून वाळत टाकला आन दोरीवरच विसरले. मी धुवायला घेतला तर साबण लागल्याबरोबर लाल झाला. पोरा, माझ्या माहेरची हळद मला वळखू येणार न्हाई व्हय?" मी पोत्यावर तसाच बसलो. "मग तू बोलली काहून न्हाईस?" आई म्हणाली, "त्या माणसाला खोटं बोलता येत न्हाई. जन्मात एकदा बोलला, माझ्यासाठी. मी ते मोडू?" त्या दिवशी ती देवघरात बसून खूप रडली होती म्हणे, मग उठून रुमाल चार वेळा धुतला, उन्हात डाग जाईपर्यंत वाळवला आणि घडी करून परत दिला. काकांनी तो खिशात घातला. त्यांना काय वाटलं ते त्यांनाच ठाऊक.

अजूनही मंगळवारी-शुक्रवारी पहाटे काका येतात. आता येण्याचं काही कारण नाही, गाडी ठणठणीत आहे. तरी झाकण उघडून नव्या डब्यावरून कोरडा हात फिरवतात. आई देवघरातून बाहेर येते, गाडीला लांबूनच हात जोडते. नारळ ती आता घरातच फोडते, पाणी तुळशीला घालते आणि खोबऱ्याचा तुकडा काकांच्या हातावर ठेवते. ते विचारतात, "डबा कसाय, वहिनी?" ती म्हणते, "बराबर हाय." दोघांचेही चेहरे अगदी गंभीर असतात. काकांचा हात अलीकडे थोडा थरथरतो, आईला पायरी उतरताना भिंत धरावी लागते, आणि बाबांना सीटवर बसवताना ते दर महिन्याला हलके लागतात, हे मी कोणाला बोलून दाखवत नाही.

काल निघताना आरशात दोघं फाटकाशी उभी दिसत होती, काका खोबरं चावत, आई पदर सावरत. मला वाटलं होतं बाबा झोपले. पण ते डोळे मिटूनच म्हणाले, "दोघं बी लई खोटारडे हायत." मग थोडं हसले. "चल बाबा, दुसऱ्यात टाक. गाडी ओढून राहिली."

मी दुसरा गिअर टाकला.